जेवलो सगळे, पाय गेले माझेच

दादरला एका चष्म्याच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. बसलेली असते तोवर कुणाच्या काही लक्षात येत नाही. फ्रेमचा ट्रे आणायला उठले की गिऱ्हाइकाची नजर माझ्या डाव्या पावलावर जाते, कारण ते अजून थोडं घासत चालतं. मग कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "अपघात झाला होता का हो?" मी सांगते, "हो, घरच्या घरीच." समोरचा माणूस ओल्या फरशीचा अंदाज बांधतो, हळहळतो आणि बायकोला सांगायला लागतो की तूही बाथरूममध्ये जपून चाल. खरी गोष्ट सांगायला वेळ लागतो आणि आमचे शेठ गल्ल्यावरून बघत असतात.

खरी गोष्ट अशी की मी कुठून पडले नाही. माझ्या शरीरानेच माझ्या नसांवर हल्ला केला. आजाराचं नाव लांबलचक आहे, वॉर्डात सगळे जीबीएस म्हणतात. पोटाच्या साध्या बिघाडानंतरसुद्धा तो होऊ शकतो. ज्या पंगतीत मी जेवले तिथे जवळजवळ सगळ्यांचंच पोट बिघडलं. सगळे दोन दिवसांत हिंडूफिरू लागले आणि मी मात्र पुढे आडवी झाले. 'मग हिलाच का?' हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर मुक्कामाला होता. त्याने माझ्यापेक्षा जास्त हाल माझ्या धाकट्या जावेचे केले. तुमच्या घरात आत्ता कुणी असं आडवं असेल आणि बाकीचे एकमेकांकडे चोरून बघत असतील, तर हे तुमच्यासाठी आहे.

तिखटाचा सण

लालबागच्या चाळीत आमच्या एकमेकींना लागून दोन खोल्या आहेत. एकीत मी आणि माझा नवरा महेश, दुसरीत दीर आणि त्याची बायको दर्शना. मुलं दोन्हीकडे सारखीच लोळतात. सासूबाई, म्हणजे आई, कुठल्या खोलीत झोपतील ते त्यांचा त्या दिवशी कुणावर राग आहे त्यावर ठरतं. मूळ गाव कणकवलीजवळ, पण आमचे गौरी-गणपती इथेच बसतात.

आमच्यात गौर तिखटाचं जेवते. पुरणपोळीवाल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. ती माहेरवाशीण, तिला आवडीचं खायला घालायचं, म्हणून आल्याच्या दुसऱ्या दिवशी कोंबडी-वड्यांचा नैवेद्य. शेजारी बसलेल्या बाप्पांपुढे तेवढ्यापुरता पडदा धरतात, म्हणजे त्यांनाही त्रास नाही आणि हिचाही मान राहतो. रांधणारीने पहाटे डोक्यावरून पाणी घ्यायचं, नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही आणि सगळं स्वतःच्या हाताने करायचं. आईंचे गुडघे गेल्यापासून हा मान आम्हा दोघींकडे आला. त्या वर्षी मला दुकानात अर्धा दिवस जावंच लागलं, म्हणून सगळं दर्शनावर पडलं. मी दुपारी घरी पोहोचले तेव्हा ती घामाने निथळत शेवटचे वडे तळत होती. जेवण असं झालं होतं की महेशने रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि आईंनी त्याला सगळ्यांसमोर हाणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीच्या टोकाला संडासापुढे रांग लागली. आमच्या घरचे सगळे होते, आणि ज्या शेजाऱ्यांकडे आम्ही ताटं पाठवली होती तेही होते. पण कुणी काही बोलेना. महेश म्हणाला, रात्री मंडळात आइसक्रीम खाल्लं. दिराने उन्हाचं नाव घेतलं. शेजारच्या काकू तर म्हणाल्या की त्या सहज उभ्या आहेत. आई गुपचूप ओव्याचं पाणी पीत होत्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण गौरीचा नैवेद्य बाधला असं तोंडाने कोण म्हणणार? आमच्याकडे ते म्हणायचं नसतं. दोन दिवसांत पोटं ठिकाणावर आली आणि विषय संपला.

पाय

गणपती जाऊन आठवडा-दीड आठवडा झाला असेल. माझ्या पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी नव्या चपलेला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर चढताना गुडघे असे वाकले की मी शिडी धरूनच बसले. शेठ म्हणाले, "वैशाली, नाश्ता करत जा." मी आमच्या घरातली सगळ्यात धडधाकट बाई. पाण्याचे हंडे, सिलिंडर, भांडणं, सगळं मीच उचलायचे. त्यामुळे मलाही वाटलं की नाश्त्याचंच असेल.

त्याच्या पुढच्या सकाळी चटईवरून उठताच येईना. महेश दाढी करत होता. तो आरशातूनच म्हणाला, "राणीसाहेबांना आज उचलून न्यायचंय वाटतं." मी म्हटलं, "उचल." माझा आवाज ऐकून त्याने वस्तरा खाली ठेवला. खांद्याला धरून त्याने मला उभं केलं आणि सोडल्यावर मी सरळ खाली आले. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो गॅलरीत ओरडत गेला. चाळीतल्या चौघांनी मला खुर्चीत बसवून जिना उतरवला. प्रत्येक जण दुसऱ्याला सूचना देत होता. मला तेव्हा भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती, कारण मी गाऊनवर होते.

सगळे एका सुरात नाही म्हणाले

परळच्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात मला नेलं तिथे एक तरुण डॉक्टर होत्या, डॉ. सानिका. नगरकडच्या. दोन दिवस झोपल्या नसाव्यात असा चेहरा, पण हात मऊ. त्यांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. एरवी पाय उडतो, माझा ढिम्म. पुन्हा ठोकलं. पाय माझा होता, पण मला विचारायला तयार नव्हता.

"गेल्या महिन्याभरात पोट बिघडलं होतं? जुलाब वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "नाय ओ डाक्टरबाई. आमच्याकडे कोणाक काय एक होवक नाय."

"घरात आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही," महेश म्हणाला. दीरही नाही म्हणाला. दर्शना माझ्या पायांशी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून मीही म्हणाले, "नाही हो, मॅडम." देवीचं नाव आणि जावेचा हात, दोन्ही राखायचं होतं. डॉक्टरांनी आमच्या एकेकाकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं.

मग पाठीतून पाणी काढलं, हातापायांना बारीक करंट देऊन नसा तपासल्या. संध्याकाळी त्या माझ्या खाटेवर टेकल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय. यातून बहुतेक लोक बरे होतात, चालतात. पण उतार पडायच्या आधी हे अजून चढेल. पायातून हातात, कदाचित श्वासापर्यंत. महेशने विचारलं, "म्हणजे मशिन?" त्या म्हणाल्या, "वेळ आली तर. येऊ नये म्हणून बघतोय." महेश बाहेर गेला आणि मला ऐकू येणार नाही अशा समजुतीत जिन्यापाशी रडला.

वॉर्ड

आजार चढत गेला. हातात चमचा राहीना. मग चेहऱ्याची एक बाजू गेली. डोळा मिटेना, चहा ओठातून ओघळे. आरसा मागितला तर सफाईच्या मावशींनी सांगितलं की वॉर्डात आरसा नसतो. खोटं होतं, त्यांच्याच पर्समध्ये होता. त्या खोट्याबद्दल मी अजून त्यांचे उपकार मानते.

मोठ्या हॉस्पिटलात सगळीच नाती असतात. साफसफाई करणाऱ्या त्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारा तो मामा, आणि सिस्टर ती सिस्टर. सकाळी चादरी, मग राऊंड, मग सुया, मग भेटायची वेळ, मग माणसांना बाहेर काढणं. मधे मधे डॉ. सानिका येऊन सांगत, "खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा." आकडा खाली आला तर मला आत, आयसीयूत नेणार होते. मी मोजायला लागले की दर्शना खाटेच्या कडेला उभी राहून आपलाही श्वास रोखून धरायची. एकदा तर तिलाच गरगरलं आणि सिस्टर म्हणाल्या, "पेशंट ही का ती?" मला हसू आलं. अर्ध्याच तोंडाने हसले.

पाच दिवस मला एक ड्रिप लावली. डॉक्टरांनी सांगितलं की ती हजारो निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली असते. त्यांच्या अंगातली लढायची तयारी एकत्र करून मला देतात आणि त्याने माझं बिथरलेलं अंग शांत होतं. मी थेंब पडताना बघायचे आणि मनात म्हणायचे, कोण कुठले तुम्ही, आणि माझ्या हातात येताय. देव आठवत नव्हता तेव्हा ती माणसं आठवायची. आकडा घसरत घसरत एका ठिकाणी थांबला. मशिनची वेळ आली नाही.

दर्शना बालवाडीत शिकवते, तिथून तिने रजा काढली होती. माझे केस विंचरणं, अंग पुसणं, पायांना तेल लावणं, सगळं ती करायची. माझ्या सख्ख्या बहिणीनेही इतकं केलं नसतं, आणि हे मी तिच्यासमोरही म्हटलंय. पण एक गोष्ट मला खटकत होती. ती माझ्यासाठी डबा आणायची तो आईंनी केलेल्या पेजेचा, नाहीतर बाहेरून घेतलेल्या पाव-दुधाचा. स्वतःच्या हातचं काही नाही. एकदा मी चिडवलं, "काय गं, सुगरणबाई संपावर गेल्या का?" ती मान खाली घालून डब्याचं झाकण पुसत राहिली.

आई आल्या तेव्हा कळलं. "ही चुलीकडे येताच नाय," त्या म्हणाल्या. "मुलांसाठी भात-डाळ करता, बास. देवाकडे तर पाय ठेवणा नाय." मग म्हणाल्या की त्यांनी गावच्या देवीला गाऱ्हाणं घातलंय. घरात कोणाची काय चूकभूल झाली असेल तर पदरात घे आणि माझ्या सुनेचे पाय परत दे. सगळ्यांना समोर उभं करून नारळ ठेवला होता. आईंच्या मनात कुणाविषयी काही नव्हतं, गाऱ्हाण्यात तसंच म्हणतात. पण दर्शनाही तिथे हात जोडून उभी होती.

डॉक्टरांना माहीत नव्हतं ते

हातात थोडा जीव आल्यावर माझ्या अंगात रागही आला. एके दुपारी डॉ. सानिका आल्या तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, खोटं बोललो आम्ही. सगळ्यांचं पोट बिघडलं होतं."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "एवढी सगळी माणसं एका सुरात नाही म्हणत नाहीत कधी. एक तरी हो म्हणतो. पण उपचार तोच होता म्हणून मी ताणलं नाही."

"जेवणातून झालं?"

"जेवणातून असेल, पाण्यातून असेल. इतक्या दिवसांनी कोण सांगणार?"

"पण मग सगळे बरे आणि मीच अशी का? मी तर सगळ्यात दणकट होते."

त्यांनी मलाच उलट विचारलं, "कोविडची लस तुम्ही घरच्यांनी एकाच दिवशी घेतली होती?"

घेतली होती. पालिकेच्या केंद्रावर, एकाच रांगेत. त्या संध्याकाळी आई बांगडे साफ करत बसल्या होत्या. दर्शनाचा नुसता हात दुखत होता. मला अंगभर कणकण. आणि दहीहंडीच्या खालच्या थरात उभा राहणारा माझा नवरा दोन गोधड्या पांघरून मुलांना जवळ बोलावून निरोपाचं बोलत होता.

डॉक्टर खूप हसल्या. म्हणाल्या, "बघा. सगळे निरोगी, लस एक, दिवस एक. तरी प्रत्येकाच्या अंगाने आपापल्या तऱ्हेने घेतली. जंतू येतो तेव्हाही हेच होतं. काही आई-वडिलांकडून आलेलं असतं. वयाने फरक पडतो, बाई-पुरुषाने पडतो. लहानपणापासून कुठले ताप-खोकले अंगावरून गेले तेही शरीर लक्षात ठेवतं. दोघी एका घरात राहता म्हणून दोघींचं अंग एक नसतं. तुमच्या दुकानात एका घरचे दोघे आले तर एकच नंबर निघतो का?"

"एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचा निघत नाही," मी म्हटलं.

"झालं तर. तुमच्या शरीराने जंतूशी लढायला जे तयार केलं, त्याला तुमच्या नसांवरचं आवरणही जंतूसारखंच दिसलं. ते त्यावर तुटून पडलं. दणकट होतात म्हणूनच जोरात तुटून पडलं असेल, तेही शक्य आहे."

"पण माझंच का? नेमकं?"

त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. ढोबळ कारणं सांगता येतात. पण 'या एका गोष्टीमुळे तुम्हाला झालं' असं अजून कुणालाच सांगता येत नाही."

मला त्यांचा राग आला. एवढं शिकून माहीत नाही? आज विचार करते तेव्हा वाटतं की सगळ्या हॉस्पिटलात माझ्याशी सगळ्यात खरं त्याच बोलल्या.

दर्शनाला माहीत होतं ते

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी दर्शना माझ्या तळव्यांना तेल लावत होती. मी तिला हे सगळं सांगितलं. लस, नंबर, सगळं. शेवटी म्हटलं, "एवढं सांगून बाई म्हणतात, का ते माहीत नाही."

"मला माहितीय," दर्शना म्हणाली.

ती माझ्या पायाकडे बघूनच बोलत होती. "त्या दिवशी सकाळी मसाला वाटून झाला आणि मला पाळी आली. तारखेच्या आधीच. कोंबडी चुलीवर होती, तुम्ही दुकानात, आईंना बसवत नाही. सांगितलं असतं तर सगळं टाकून द्यावं लागलं असतं. गौर उपाशी राहिली असती. मी परत आंघोळ केली आणि केलं तसंच. कुणाला बोलले नाही. ताई, माझ्यामुळे तुमचे पाय गेले."

मी एक गोष्ट लपवणार नाही. क्षणभर मला ते पटलं. मी काही फार देवदेव करणारी नाही, पाळीची शिवाशिव मी माझ्या खोलीत कधी पाळली नाही. तरी इतके दिवस 'मीच का' विचारत होते आणि पहिल्यांदाच कुणीतरी ठामपणे उत्तर दिलं होतं. डॉक्टरांच्या 'माहीत नाही'पेक्षा ते उत्तर धरायला सोपं होतं. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती, डोळे आत गेले होते. ते उत्तर तिला आतून खात होतं. माझे पाय तरी परत येत होते.

"वेडी आहेस का गं?" मी म्हटलं. "नैवेद्य तू केलास. देवीला राग आलाच असता तर तुझे पाय धरले असते. माझे कशाला?"

"तेच तर, ताई. मला दोन दिवस जुलाब झाले आणि संपलं. शिक्षा तुम्हाला झाली."

"सगळ्या पंगतीने खाल्लं. महेश तर रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायला. त्याला काय झालं?"

"ते मला नाही माहीत."

"डॉक्टरांनाही नाही माहीत. मग तुलाच एकटीला कसं माहीत?"

ती पुन्हा माझ्या तळव्यांना तेल चोळू लागली. मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं आणि मला उठता येत नव्हतं. मी म्हटलं, "इकडे ये, वाक." ती वाकली. मी माझा लुळा हात कसाबसा तिच्या डोक्यावर टाकला. तो धपकन पडला आणि तिला चांगलाच लागला. दोघीही रडलो. जाताना ती म्हणाली, "पटलं, ताई." तिला पटलं नव्हतं.

गॅलरीतली पावलं

घरी आल्यावर गॅलरी माझी शाळा झाली. आधी वॉकर, मग काठी, मग कठड्याला धरून. शेजारी आपापल्या दारातून गुण द्यायचे. मुलं शर्यत लावायची आणि मला मुद्दाम जिंकू द्यायची, त्याचा मला राग यायचा आणि आनंदही व्हायचा. एका सकाळी महेशने माझ्या तळव्याला बोट लावलं आणि मला गुदगुल्या झाल्या. मी किंचाळले. चाळ धावून आली. गुदगुल्या झाल्या म्हणून एवढी माणसं खूश झालेली मी तरी पाहिली नाहीत.

महिने असेच गेले. चेहरा जागेवर आला, हात आले, दुकानातही अर्धवेळ जायला लागले. दर्शना सगळीकडे माझ्यासोबत होती, फक्त तिने रांधलेलं माझ्या ताटात कधी आलं नाही. मी मागितलं तर काहीतरी निमित्त काढायची. मी चिडले, लाडीगोडी लावली, एकदा तर तिच्या मुलाच्या ताटातून घास उचलला. तिने माझा हात धरला आणि तो घास परत खाली ठेवायला लावला. त्या दिवशी मला कळलं की माझ्या पायांना जेवढी औषधं मिळाली तेवढी हिला कुठलीच मिळालेली नाहीत.

आणि गौरी जवळ आल्या. मला अजून जास्त वेळ चुलीपुढे बसवत नव्हतं. दर्शनाने दिराला सांगितलं की ती यंदा ते दिवस माहेरी जाईल. घरच्या सुनेने गौरीच्या वेळी घर सोडायचं म्हणजे काय हे आमच्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एकदा गेली असती तर पुढच्या वर्षीही गेली असती, आणि मग चार माणसांनी विचारलं असतं की ही दरवर्षी का जाते.

आईंनी तिला समोर बसवलं. मी शेजारी बसले. त्या लसूण सोलत होत्या.

"माहेराक कित्याक जातंस?"

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरला. सांगायचं तर तिनेच सांगायला हवं होतं. तिने सांगितलं, हॉस्पिटलात मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता. आईंचे हात थांबले नाहीत. लसणाची एक कुडी सोलून झाली, दुसरी घेतली. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते, कारण आईंच्या तोंडून 'अरे देवा' एवढंच आलं असतं तरी ही पोरगी कायमची गेली असती.

"त्या डाक्टरणीन काय सांगल्यान होता?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. जेवण एक असलं तरी अंगं वेगळी असतात. कुणाचं अंग कसं वागेल ते आधी सांगता येत नाही. माझ्या अंगाने असं का केलं ते कुणालाच माहीत नाही.

"म्हणजे हिची चूक नाय."

"नाही, आई. कुणाचीच नाही."

आईंनी सुरी खाली ठेवली. "मी ह्या घरात सून म्हणान इलंय तेव्हा एकटीच होतंय. सासूबाय खाटेर. गवरीचा सगळा माझ्यार. वर्सानुवर्सा रांधलंय. माझी तारीख काय गवरीक विचारून येय होती?"

दर्शनाने मान वर केली.

"सांगलंय असतंय तर रांधला असता कोणी? तुझो सासरो?" त्या दर्शनाकडे वळल्या. "तोंड मिटून रांधलंय. गवर जेवली, सगळे जेवले. कोणाचे पाय जावक नाय. मी आजपर्यंत कोणाक सांगूक नाय, तुमका सांगतंय. आणि ह्याच्यापुढे तुझी तारीख माका सांगू नको. माका आयकूकच येणा नाय आता."

दर्शना रडायला लागली. वर्षभराचं साठलेलं होतं, सहज थांबेना. आईंनी तिला थोडं रडू दिलं. मग सोललेल्या लसणाची ताटली तिच्यापुढे सरकवली.

"यंदा नैवेद्य तूच कर," त्या म्हणाल्या. "कोंबडी मात्र वायच जास्त शिजव."

मी आधी हसले, पूर्ण तोंडाने. मग आई हसल्या. दर्शनाला हसावं की नाही ते कळेना, आणि शेवटी तीही हसली. तिने ओढणीने डोळे पुसले, मसाल्याचा डबा खाली काढला आणि मला विचारलं, "ताई, तुम्हाला तिखट किती करू?"